दुपारच्या सह्या

“ताई, काय पण करा, पण आज हे चालू करून द्या,” पोतदार भाऊसाहेब म्हणाले आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी प्रिंटरवर हात ठेवला.

मी अजून डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं. शिक्षण संस्थेच्या ऑफिसात सकाळपासून एक कागद छापून निघाला नव्हता आणि दुपारचा एक वाजून गेल्यावर त्यांना माझी आठवण झाली होती. आधी शिपायानं प्रिंटर पुसून पाहिला होता, मग खेळाच्या सरांनी तो हलवून पाहिला होता, आणि मग कुणीतरी उदबत्ती लावली होती. उदबत्तीची राख अजून टेबलावर होती. आपल्याकडे यंत्राला आधी देव करून बघतात, देवानं ऐकलं नाही की मग मेकॅनिक.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी यास्मिन मुजावर. आमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी तेव्हा मी एकटीच बाई. वडिलांचं घड्याळाचं दुकान होतं, ते गेल्यावर त्याच टेबलावर मी कॉम्प्युटर उघडायला लागले. नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या खांद्यावरून आत बघायचं, दुरुस्ती करणारा माणूस कुठे बसलाय म्हणून. संस्थेच्या ऑफिसचं वर्षाचं कंत्राट माझ्याकडे होतं, त्यामुळे तिथे मात्र माझ्या खांद्यावरून कुणी बघत नसे. पोतदार भाऊसाहेब तिथले मुख्य कारकून. अध्यक्ष तात्यासाहेबांच्या नंतर संस्थेत त्यांचाच शब्द.

“एवढं काय अडलंय?” मी विचारलं.

“लोखंडे सरांचं घोडं अडलंय,” टायपिंग करणारी सुवर्णा म्हणाली आणि तिनं दाराकडे मान केली.

दाराशी लोखंडे सर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग, पायात पॉलिश केलेले बूट. नवरदेवासारखे तयार होते बिचारे. मी बघितल्यावर ते ओशाळं हसले, जणू प्रिंटर त्यांनीच बिघडवला होता.

लोखंडे सरांना मी चांगलं ओळखत होते. माझ्या धाकट्या भावाला, समीरला, त्यांनी गणित शिकवलं होतं. समीर म्हणजे पाढे म्हणताना सातावरच बसकण मारणारा पोरगा, त्याला त्यांनी दहावीच्या पार नेलं. पण ते ज्या शाळेत शिकवायचे ती विनाअनुदानित. म्हणजे सरकार पगार देत नाही, आणि संस्था देते ते फक्त सांगायला. अशी बारा वर्षं या माणसानं काढली होती. बायको शिवणकाम करायची. लग्नसराईत सर शेजारच्या तालुक्यात जाऊन पंगतीत वाढायचे. आपल्या तालुक्यात नाही, कारण एखाद्या विद्यार्थ्याच्या पानात जिलबी वाढायची वेळ यायला नको. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं.

त्या वर्षी मात्र शाळेला अनुदान आलं. आता सरांच्या नावाला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळाली की पगार सुरू. मान्यतेसाठी जिल्ह्याला शिबिर लागलं होतं आणि त्याचा आज शेवटचा दिवस होता. संस्थेनं पाठवलेला प्रस्ताव त्रुटी काढून आदल्या दिवशी परत आला होता. तो दुरुस्त करून, नव्यानं छापून, पाचच्या आत जिल्ह्याला पोचवायचा होता. जिल्हा दीड तासावर. पुढचं शिबिर कधी, ते विचारायची सोय नव्हती.

“अडीच-पावणेतीनपर्यंत निघालो तरी पोचतो मी,” लोखंडे सर हळूच म्हणाले. “तुम्ही गडबड करू नका. तुमच्या सवडीनं होऊ द्या.”

सवडीनं! मी हेल्मेट काढून खुर्चीत बसले.

रोग फार मोठा नव्हता. ऑफिसात प्रिंटर एकच, तो भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरला जोडलेला, आणि बाकी सगळ्या खोल्यांतली मशीनं तारेनं त्याच्याशी जोडलेली. कुणीही कुठूनही प्रिंट दिली की ती भाऊसाहेबांच्या मशीनवरून निघायची. सकाळी कुणाची तरी एक जड फाइल तिथे अडकली होती आणि तिच्यामागे सगळी रांग तुंबली होती. त्यात आपल्या लोकांची एक सवय असते. प्रिंट निघाली नाही की ते थांबत नाहीत, पुन्हा बटण दाबतात. पुन्हा नाही निघाली की आणखी जोरात दाबतात.

मी भाऊसाहेबांच्या मशीनवरची रांग पुसून टाकली. पण इतर खोल्यांतल्या मशीनांवर काय काय तुंबलंय ते इथून दिसत नव्हतं. इथली वाट मोकळी झाली की ते सगळं धावत येणार होतं.

“आपापल्या मशीनवर जाऊन सगळ्यांनी दिलेल्या प्रिंट रद्द करा,” मी म्हणाले.

“केल्या,” सुवर्णा म्हणाली.

“केल्या केल्या,” बाहेरून कुणीतरी म्हणालं.

“बाकीचे?”

“बाकीचे जेवायला गेलेत,” भाऊसाहेब म्हणाले. “खोल्यांना कुलूप लावून गेलेत. तुम्ही करा हो चालू. वेळ कुठाय?”

“मग त्यांच्या चार-दोन फालतू प्रिंट आधी निघतील. थोडे कागद वाया जातील, बाकी काही नाही. ट्रेमध्ये साधेच कागद आहेत ना?”

भाऊसाहेबांनी एकदा ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाले, “कागदच हायत. दुसरं काय असणार?”

मी सहज वर पाहिलं. लोखंडे सरांनी बोलायला तोंड उघडलं होतं. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि सरांनी तोंड मिटलं. मला वाटलं, घाईनं जीव वरखाली होतोय त्यांचा, दुसरं काही नसेल. मी काम चालू केलं.

प्रिंटर घरघरला. सगळ्यांचे चेहरे उजळले. सुवर्णानं तर टाळी वाजवली.

पहिला कागद बाहेर आला तो कबड्डीच्या सामन्यांचा. कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता. दुसरा वसतिगृहाच्या भाज्यांचा: सोमवारी वांगं, मंगळवारी दुधी. तिसरा आला आणि सुवर्णानं जीभ चावली, कारण तो तिच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणाचा होता. रद्द केली म्हणाली होती ना, ती ही. मग कुणाच्या तरी भाचीचा लग्नासाठीचा बायोडाटा: रंग गोरा, स्वभाव मनमिळाऊ, अपेक्षा नोकरदार. त्यामागे असेच आठ-दहा कागद धडाधड आले.

मी हसत कागद उचलले, आणि माझं हसू तिथेच थिजलं. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर संस्थेचं नाव, बोधचिन्ह, नोंदणी क्रमांक. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी निळ्या शाईची ऐटदार, शेपटी ओढलेली सही. अध्यक्ष. गोऱ्या रंगाच्या मनमिळाऊ मुलीखाली तात्यासाहेबांची सही होती. समस्त सुवासिनींना हळदीकुंकवाचं अगत्याचं निमंत्रण तात्यासाहेबच देत होते.

“बंद करा! अहो बंद करा ते!” भाऊसाहेब ओरडले.

मी प्लग उपटला. प्रिंटर अर्धा कागद तोंडात धरून थांबला. मी ट्रे ओढला. आत सहीचा एक कागद उरला होता, आणि प्रस्तावाला त्याच्या कितीतरी पट लागणार होते.

“हे काय आहे, भाऊसाहेब?” मी विचारलं. “मी तुम्हाला विचारलं होतं, साधे कागद आहेत ना म्हणून.”

भाऊसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “बाहेरच्या माणसाला सांगायची गोष्ट हाय का ही?”

मग ती गोष्ट मला सुवर्णानं सांगितली. तात्यासाहेबांची रीत अशी, की सकाळी ऑफिसात येऊन कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवायच्या, आणि दुपारी जे काही निघेल ते त्यावर छापायचं. असं का? तर दुपारी जेवण झालं की तात्यासाहेब झोपतात. चारपर्यंत. त्या झोपेत त्यांना कुणी उठवायचं नाही. सरकारी साहेबाचा फोन आला तरी सांगायचं, बाहेर गेलेत. सह्या आधीच्या, मजकूर नंतरचा, असा सगळा कारभार. ऑफिसात त्या कागदांना नावच पडलं होतं, ‘दुपारच्या सह्या’.

“म्हणजे तात्यासाहेब आत्ता गावातच आहेत?” मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“कुठे आहेत?”

सुवर्णानं खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं, आणि मैदानापलीकडे आंब्याच्या झाडामागे तात्यासाहेबांचा बंगला. इथून मोठ्यानं हाक मारली तर तिथे ऐकू जाईल एवढं अंतर.

मला हसावं का रडावं कळेना. “मग एवढं डोकं धरून काय बसलाय? मी दोन मिनिटांत प्रस्ताव छापून देते साध्या लेटरहेडवर. मैदान ओलांडा, सह्या घ्या, निघा.”

“झोपलेत न्हवं,” भाऊसाहेब म्हणाले.

“उठवा.”

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देवळात चपला घालून शिरले होते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सांगावी तर उंदीर तरी आपापसांत चर्चा करतात. इथे तीही झाली नाही. भाऊसाहेबांनी मला एका शिपायाची गोष्ट सांगितली. त्यानं म्हणे एकदा तात्यासाहेबांना दुपारी उठवलं होतं आणि आठ दिवसांत त्याची बदली डोंगरावरच्या शाळेत झाली. खरं-खोटं देव जाणे. पण त्या गोष्टीवर ते ऑफिस चालत होतं एवढं खरं.

मी प्रस्ताव छापून दिला. रांग पुसलेली होती, कुलूपबंद खोल्यांची तार मी उपटून ठेवली होती (हे मला आधीच सुचायला हवं होतं), आता प्रिंटर गरीब गायीसारखा चालला. गरम पानं एकापाठोपाठ एक निघाली. प्रत्येक पानाखाली ‘अध्यक्ष’ असं छापलेलं, आणि त्यावर रिकामी जागा.

भाऊसाहेबांनी दार लोटलं आणि माझ्याजवळ येऊन आवाज खाली आणला. “ताई, तुमच्या दुकानात ते फोटो ओढणारं मशीन हाय न्हवं? स्कॅनर? ह्या हळदीकुंकवाच्या कागदावरची सही उचलायची आणि ह्याच्यावर बसवायची. रंगीत प्रिंट काढली तर वळखू यायचं नाही. तुमचं दुकान तर जवळच हाय.”

“नाही करणार,” मी म्हणाले.

“अहो, सही त्यांचीच हाय की! आपण काय खोटी करतोय का?”

“माणूस समोर झोपलाय भाऊसाहेब, मेलेला नाही. त्याला जागं करायचं सोडून त्याची सही चोरायला मी नाही येणार. उद्या कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, बाहेरच्या बाईनं केलं.”

भाऊसाहेबांनी नजर दुसरीकडे वळवली, म्हणजे त्यांनी तसंच म्हणायचं ठरवलं असणार.

मी तेव्हा नाही म्हणाले ते बरोबरच होतं असं मी आजही म्हणते. पण ते म्हणून झालं की थोडा वेळ मला दुसरं काही सुचत नाही, हेही खरं.

मी लोखंडे सरांकडे वळले. “सर, तुम्ही चला. मी येते बरोबर. तुमचं काम आहे, तुमचा हक्क आहे. बेल वाजवायची आणि सांगायचं.”

“सर, जावा हो,” सुवर्णा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हळदीकुंकवाचं पान तिनं मुठीत चुरगळून धरलं होतं.

सरांनी पानं नीट जुळवली, बॅगेत घातली आणि म्हणाले, “जाऊ या.”

खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, चला, बारा वर्षांनी का होईना, माणूस उठला. मी स्कूटी काढली, सर मागे बसले, मैदानाला वळसा घालून आम्ही बंगल्याच्या फाटकातून आत गेलो. व्हरांड्याच्या पायरीशी सरांनी बूट काढले. एकाशेजारी एक, भिंतीला समांतर असे ठेवले. मग व्हरांड्यात जाऊन ते उभे राहिले. बेल त्यांच्या डाव्या हाताशी होती.

ते उभेच राहिले.

“सर, बेल,” मी म्हणाले.

“हो.”

त्यांनी रुमालानं मान पुसली. बॅग या हातातून त्या हातात घेतली. आतून पंख्याचा आवाज येत होता.

“सर!”

“पाच मिनिटं बघू या. कदाचित आपसूक जाग येईल.”

“आपसूक कशी येईल? चारला येते म्हणाले ना!”

“हळू बोला, ताई.”

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव मुळात तापट, वडील म्हणायचे घड्याळाच्या दुकानात हा बॉम्ब कुठून जन्मला. मी पायऱ्या उतरले, स्कूटीपाशी गेले आणि हॉर्नवर अंगठा ठेवला. चांगला लांबलचक वाजवला. आंब्यावरचे कावळे उडाले.

दार उघडलं. तात्यासाहेबांच्या पत्नी बाहेर आल्या. गावात त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत. डोळ्यांवर चष्मा, हातात वर्तमानपत्र, कपाळाला आठ्या. पण सरांना पाहिल्यावर आठ्या गेल्या.

“कोण, लोखंडे सर का? अहो, उन्हात का उभे? हॉर्न कुणी वाजवला?”

“चुकून लागला, वहिनीसाहेब,” सर म्हणाले. “ताईंचा हात लागला. माफ करा.”

“हात लागला नाही, मी वाजवला,” मी म्हणाले.

वहिनीसाहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं. बाई समजूतदार होत्या. “काही तातडीचं काम आहे का? यांचा डोळा लागलाय, पण उठवते की. उठवू का?”

झालं. गाडी आली, दार उघडलं, आता फक्त पाय आत टाकायचा.

“छे छे,” लोखंडे सर म्हणाले. “तातडीचं काही नाही. झोपू द्या साहेबांना. आम्ही थांबतो.”

“वहिनीसाहेब, तातडीचं आहे!” मी जवळजवळ ओरडले. “यांचा प्रस्ताव...”

“ताईंना तसं वाटतं,” सर हसून म्हणाले. “त्या आज फार दमल्यात. सकाळपासून प्रिंटरनं छळलंय. तुम्ही आत व्हा, वहिनीसाहेब. खरंच काही नाही. नुसत्या सह्या आहेत.”

वहिनीसाहेब घुटमळल्या. पण ज्याचं काम तोच नको म्हणतो म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं? “बसा तरी,” म्हणाल्या आणि आत गेल्या. जाताना त्यांनी दार लोटून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू.

मी व्हरांड्यात चढले. “मी वाजवते बेल. तुम्ही बाजूला व्हा.”

सर बाजूला झाले नाहीत. ते बेलच्या पुढे येऊन उभे राहिले, पाठ भिंतीला लावून, आणि त्यांनी मला हात जोडले. माझ्या भावाचे मास्तर. मला हात जोडत होते.

“ताई, काम माझं आहे. मला माझ्या पद्धतीनं करू द्या.”

अशा माणसाशी काय झटापट करायची? मी पायरीवर बसले. निघून जावं असं फार वाटत होतं, दुकानात दोन मशीनं उघडी टाकून आले होते. पण पाय निघत नव्हता. अडीच वाजले, तीन वाजले. मैदानापलीकडे ऑफिसच्या खिडकीत सुवर्णा येऊन उभी राहायची, आत जायची, परत यायची. भाऊसाहेब एकदाही दिसले नाहीत. सर खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी प्रस्तावाची पानं काढून पुन्हा पुन्हा तपासली, एका पानाचा दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला. साडेतीन झाल्यावर मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. आता चार वाजले काय आणि सहा वाजले काय.

चारला आत खाकरण्याचा आवाज आला. मग चूळ भरल्याचा. मग दार सताड उघडलं आणि तात्यासाहेब बनियनवर पंचा टाकून बाहेर आले. उंच, गोरे, झोपेनं गाल लाल झालेले. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. त्या ऑफिसातल्या गोष्टी ऐकून मला राक्षस दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो एक हसतमुख म्हातारा.

“अरे, लोखंडे! केव्हापासून थांबलाय? ही म्हणाली दोन तास झाले?” ते म्हणाले. “काय राव, उठवायचं की मला! मी काय वाघ हाय का खायला?”

“नाही, म्हटलं आपली झोपमोड...”

“झोप काय रोजचीच हाय. आणा, काय आणलंय?”

जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सह्या केल्या. पान उलटायचं, सही, पान उलटायचं, सही. वाचलं काहीच नाही. चहाचं आधण होतं तोवर सगळं संपलंसुद्धा.

“मान्यतेचं होय?” पेनाला टोपण लावताना त्यांनी विचारलं. “कधी द्यायचंय?”

“आजच द्यायचं होतं,” मी म्हणाले. “पाचच्या आत. जिल्ह्याला.”

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. खरोखर पडला, मी खोटं सांगणार नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. “अरे, मग... सांगायचं नाही का? एका सहीची तर गोष्ट. मी उठून गाडी दिली असती.” सर खाली मान घालून उभे राहिले. मग तात्यासाहेबांना एकदम काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असणार. ते वहिनीसाहेबांकडे वळून म्हणाले, “हा माणूस बघ. बारा वर्षं झाली, पण याचा मला एका पैचा त्रास नाही. कधी दारात आला नाही, कधी तोंड वेंगाडलं नाही. अशी माणसं मिळत नाहीत आता. लोखंडे, पुढच्या शिबिराला तुमचा प्रस्ताव सगळ्यात वर. माझा शब्द.”

आणि लोखंडे सरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला होता. ज्या माणसाचा पगार त्या घटकेला हातून गेला होता, तो माणूस लाजून, सुखानं हसत होता. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही असा वहिनीसाहेबांचा आग्रह पडला, तेव्हा त्यांनी चहासुद्धा घेतला. मी माझा कप तसाच ठेवून दिला.

पुढचं सांगून टाकते. सर त्या संध्याकाळी एसटीनं जिल्ह्याला गेले. तिथे शिबिराच्या खोलीला कुलूप होतं आणि झाडूवाली बाई बाहेर खुर्च्या रचत होती. पुढचं शिबिर लागायला दोन वर्षं गेली. तात्यासाहेबांनी शब्द पाळला, प्रस्ताव सगळ्यात वर होता. पण तोवर पोरं इंग्रजी शाळेकडे गेली, पट घटला, आणि सरांची जागाच रद्द झाली. मी त्या ऑफिसचं कंत्राट पुन्हा घेतलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही बंगल्यातून बाहेर आलो. सर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते आणि माझ्यातलं जे काही तासन्‌तास साठलं होतं ते बाहेर पडलं.

“तुम्हाला विचारलं होतं, सर! बाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, उठवू का. तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. बायको तिकडे मशीन मारतीय, तुम्ही लोकांच्या पंगतीत वाढताय, आणि तुमच्या तोंडून एक हो निघत नाही?”

पंगतीचं मी बोलायला नको होतं. सरांचे हात नाड्यांवर थांबले. मला वाटलं आता ते चिडतील. चिडले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

“ताई, पगार तर बारा वर्षांत कधी मिळाला नाही,” ते म्हणाले. “मिळालं ते एवढंच. ‘लोखंडे सरांचा कुणाला त्रास नाही.’ तात्यासाहेब बोलले ते ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं.”

“मग सांगा, तेवढंही कसं घालवायचं?” त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढून गाठ मारली आणि उठून एसटी स्टँडकडे चालायला लागले.